पगारवाढीचा आंकडा आणि कामगाराची संमति

पिंपरीपासून चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि थेट चाकणपर्यंत कारखान्यांचा जो पट्टा पसरला आहे, त्याच्या आधारानें राहणाऱ्या हजारों घरांत दर तीन-चार वर्षांनीं एक प्रश्न हटकून निघतो. जुन्या वेतनकराराची मुदत संपलेली असते, नव्या कराराचा मसुदा पुढें आलेला असतो, आणि तो मान्य करावा कीं नाकारावा ह्याविषयीं कारखान्याच्या दारावर जितका वाद चालतो तितकाच घरांतहि चालतो. मुलीच्या महाविद्यालयाचें शुल्क, घराच्या कर्जाचा हप्ता, वडील माणसांचें औषधपाणी हीं सर्व त्या एका सहीची वाट पाहत असतात. बाहेरच्या माणसाला वाटतें, पगार वाढतोच आहे, मग घेऊन टाकावा. त्यांत एवढा खल कशाला? श्रोतेहो, हा खल कशासाठीं असतो आणि तो नीट होणें किती अगत्याचें आहे, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

करार झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत एकच आंकडा येतो: अमुक हजारांची वाढ. हा आंकडा खोटा नसतो, परंतु पुष्कळ वेळां तो अपुरा असतो. एखाद्या कारखान्यांत १५,००० रुपयांची वाढ ठरली असें उदाहरणादाखल धरून चालूं. ती तीन वर्षांत विभागलेली असेल, पहिल्या वर्षीं ७,००० आणि पुढील दोन वर्षीं चार-चार हजार, तर पहिल्या वर्षीं दरमहा सातच हजार अधिक येणार. आणि तेहि सर्व रोख हातीं पडतील असें नाहीं. कांहीं भाग विम्याचा हप्ता, कँटीन, बससेवा अशा सोयींच्या खर्चापोटीं धरलेला असूं शकतो. म्हणून अनुभवी कामगार पहिला प्रश्न विचारतो तो 'किती?' हा नसून 'केव्हां आणि कशांत?' हा असतो.

'कशांत' ह्या प्रश्नाचें महत्त्व थोडें हिशेबानें पाहूं. वाढ मूळ वेतनांत मिळाली तर ती माणसाबरोबर निवृत्तीपर्यंत येते. जेथें भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी पूर्ण वेतनावर धरली जाते, तेथें मूळ वेतनांतील १,००० रुपयांच्या वाढीबरोबर मालकाकडून दरमहा १२० रुपये अधिक पडतात. उपदान, म्हणजे ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतों तें, शेवटच्या मासिक वेतनाला २६ नें भागून, १५ नें गुणून, नोकरीच्या वर्षांनीं पुन्हा गुणून काढतात. तेव्हां २६ वर्षें नोकरी झालेल्या कामगाराच्या उपदानांत त्याच १,००० रुपयांमुळें १५,००० रुपयांची भर पडते. हेच १,००० रुपये उत्पादन-बक्षीस म्हणून दिले, तर चांगल्या महिन्यांत हातीं तितकेच येतात. पण मागें कांहीं उरत नाहीं, आणि मालाची मागणी मंदावून कारखाना आठवडाभर बंद राहिला तर तेहि आटतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार-संहितांनीं ह्या पळवाटेला कांहींसा बांध घातला आहे. वेतनांतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर तो अधिकचा भाग वेतनच मानला जातो. तरीहि उरलेल्या निम्म्यांत काय कोठें घालावें, हें सहीपूर्वींच पाहावें लागतें.

वाढ पुरेशी आहे कीं नाहीं हें कशाशीं ताडून पाहावें? १९४८ सालीं भारत सरकारनें नेमलेल्या न्याय्य वेतन समितीनें तीन पायऱ्या सांगितल्या: किमान वेतन, न्याय्य वेतन आणि निर्वाह वेतन. किमान वेतनाच्या खालीं कोणी जाऊं नये, निर्वाह वेतन हें ध्येय असावें, आणि ह्या दोहोंच्या मध्यें उद्योगाच्या ऐपतीप्रमाणें न्याय्य वेतन बसावें. ह्या विषयाच्या इतिहासांत पिंपरीचें नांवहि नोंदलेलें आहे. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ह्या येथील सरकारी औषध-कारखान्याच्या कामगारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निकाल १९६७ च्या निर्णयसंग्रहांत आहे. मालक सरकार आहे एवढ्यावरून वेतन ठरविण्याचीं तत्त्वें बदलत नाहींत, आणि त्या प्रदेशांतील तशाच उद्योगांत काय दिलें जातें हें पाहिलें पाहिजे, असें त्यांतून ठरलें. द्वारसभेंत शेजारच्या कारखान्याच्या कराराचा दाखला दिला जातो, तो केवळ मत्सरापोटीं नव्हे. त्या तुलनेला न्यायाचा आधार आहे.

परंतु आंकडा समाधानकारक ठरला तरी एक प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे: सही कोण करणार, आणि कोणाच्या वतीनें? ह्याचें जळजळीत उदाहरण पिंपरीनेंच पाहिलें आहे. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, हिच्या कारखान्यांत टेल्को कामगार संघटनेचे पुढारी राजन नायर ह्यांना १९८८ सालीं कामावरून काढण्यांत आलें, आणि तेथून कंपनी व संघटना ह्यांचें वितुष्ट वाढत गेलें. सप्टेंबर १९८९ मध्यें कंपनीनें वेतनकरार केला तो ह्या संघटनेशीं नव्हे, तर तिच्या प्रतिस्पर्धी टेल्को एम्प्लॉईज युनियनशीं. ज्यांना आपण नेमलें नाहीं त्यांनीं आपल्या श्रमाची किंमत कां ठरवावी, असा नायर ह्यांच्यामागें असलेल्या कामगारांपुढें प्रश्न होता. त्यांनीं पुण्यांत शनिवारवाड्यापाशीं उपोषण मांडलें. २९ सप्टेंबरला उजाडण्यापूर्वीं पोलिसांनीं त्यांना मोठ्या संख्येनें तेथून उचलून नेलें, आणि लढा मोडला. कंपनीची बाजूहि येथें सांगितली पाहिजे. कारखान्यांत दंडेली चालूं दिली तर शिस्त राहणार नाहीं, आणि जी संघटना वाटाघाटीस तयार आहे तिच्याशीं करार करण्यांत गैर कांहीं नाहीं, अशी तिची भूमिका होती. दोन्ही बाजूंचा न्यायनिवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु भांडणाचें मूळ रुपयांत होतें त्याहून अधिक मान्यतेंत होतें, हें उघड आहे.

कायद्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर अर्धेंच दिलें आहे. मालक आणि संघटना ह्यांनीं आपसांत केलेला करार त्या दोन पक्षांनाच बांधतो. सरकारी समेट अधिकाऱ्यापुढें झालेला करार मात्र कारखान्यांतील सर्व कामगारांना, सही करणाऱ्या संघटनेचे सभासद नसलेल्यांना, इतकेंच नव्हे तर पुढें नोकरीस लागणाऱ्यांनाहि बांधतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांतील हा भेद त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेंतहि राखलेला आहे. वाटाघाट कोणाशीं करावी ह्याविषयीं ह्या संहितेचा नियम असा कीं, एकाहून अधिक संघटना असल्यास जिला ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा आहे तीच एकमेव वाटाघाटीची संघटना. पण तयार झालेला मसुदा सर्व कामगारांपुढें मतास टाकलाच पाहिजे, असें बंधन कायद्यांत नाहीं. तें संघटनेच्या घटनेवर आणि पुढाऱ्यांच्या सद्बुद्धीवर सोडलेलें आहे.

हा प्रश्न केवळ यंत्रापाशीं उभें राहणाऱ्यांचा आहे असें मात्र समजूं नये. टेल्कोचा कारखाना ज्या टाटा उद्योगसमूहाचा, त्याच समूहाकडे एअर इंडिया ही विमान-कंपनी २७ जानेवारी २०२२ रोजीं परत आली. आणि तेथें, ज्यांचा पगार पिंपरीच्या कामगाराच्या कित्येक पट असतो अशा वैमानिकांपुढें हीच अडचण उभी राहिली. वैमानिकाच्या प्राप्तीचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. म्हणून महिन्यांत उड्डाणें कमी झालीं तरी ठराविक तासांचे पैसे मिळणारच, अशी हमी त्याला दिलेली असते. ही हमी पूर्वीं ७० तासांची होती. नव्या रचनेंत ती ४० तासांवर आली. एप्रिल २०२३ मध्यें एअर इंडियानें ही रचना पुढें केली तेव्हां इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन ह्या दोन्ही संघटनांनीं सभासदांना सही न करण्यास सांगितलें.

चाळीस तासांवरील प्रत्येक तासाचे पैसे मिळणारच असतील, तर भरपूर उडणाऱ्या वैमानिकाला ह्यांत तोटा काय, असें कोणी विचारील. चांगल्या महिन्यांत कदाचित् कांहींच नाहीं. परंतु आजारपण आलें, विमान नादुरुस्त झालें, प्रवासी घटले, तर कात्री थेट पगाराला लागते. वर्षाला १,००० तासांहून अधिक उड्डाण करण्यास सरकारी नियमांची मनाई आहे, तेव्हां पुढें अधिक उडून तूट भरून काढण्यासहि मर्यादा पडते. आणि आपणां प्रवाशांच्या दृष्टीनें महत्त्वाचें असें कीं, थकलेल्या वैमानिकाला 'आज माझ्यानें उड्डाण होणार नाहीं' असें म्हणणें अधिक महाग पडतें. उत्पादन-बक्षिसावर घर चालविणाऱ्या कामगाराची भीति आणि ही भीति एकाच जातीची आहे. दोघांच्याहि बाबतींत मंदीचा धोका मालकाच्या खांद्यावरून नोकराच्या खांद्यावर सरकतो, आणि वाढीचा आंकडा ती गोष्ट सांगत नाहीं.

पुढें एअर इंडियांत विलीन झालेल्या विस्तारा ह्या कंपनीच्या वैमानिकांपुढें २०२४ च्या आरंभीं असाच करार आला. बहुतेक सर्वांनीं सह्या केल्या, असें कंपनीनें सांगितलें. तरीहि मार्चअखेर आणि एप्रिलच्या पहिल्या दिवसांत वैमानिकांअभावीं इतकीं उड्डाणें रद्द झालीं कीं, कंपनीला दररोजचीं २५ ते ३० उड्डाणें कमी करावीं लागलीं. कागदावर सह्या होत्या, पण मनांतून संमति नव्हती. आणि संमतीशिवाय मिळविलेल्या सहीवर कंपनीलाहि विसंबून राहतां आलें नाहीं.

अमेरिकेंत वैमानिकांच्या संघटनांमध्यें मसुदा सर्व सभासदांच्या मतास टाकण्याची पद्धति आहे. लहान शहरांना जोडणाऱ्या अमेरिकन ईगल ह्या कंपनीच्या वैमानिकांनीं मार्च २०१४ मध्यें, त्यांच्याकडून सवलती मागणारा करार सुमारें ७० टक्के मतांनीं फेटाळला. करार नाकारल्यास नवीं विमानें अन्य कंपन्यांकडे जातील, असा इशारा त्यांना मिळालेला होता. तो ऐकून, तोलून त्यांनीं मत दिलें. असा इशारा आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. २५ जून २०१३ रोजीं बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यांत संप सुरू झाला. विश्व कल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत, प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग प्रत्येकीं एक रुपयास मिळावेत, अशीहि मागणी होती. कंपनीनें चाकणचें उत्पादन दुसरीकडे हलविण्याची भाषा केली. पन्नास दिवसांनीं, १४ ऑगस्टला, मागण्या पदरांत न पडतां संप मागें घेण्यांत आला. नकाराचीहि किंमत असते, आणि पन्नास दिवसांच्या बुडालेल्या पगारानें ती कामगाराच्या घरानेंच भरावी लागते.

म्हणून 'घ्या' म्हणणारा भित्रा आणि 'नाकारा' म्हणणारा शूर, अशी वाटणी करणें अन्यायाचें आहे. पन्नाशीला आलेला, निवृत्तीकडे डोळे लागलेला कामगार मूळ वेतनांतील वाढ आजच मागतो, कारण त्याच्या उपदानाचा हिशेब तीवरच व्हावयाचा असतो. तिशींतला कामगार चार वर्षांच्या मुदतीला बिचकतो, कारण महागाई त्याच्या पुढें धांवेल अशी त्याला धास्ती वाटते. वाटाघाटी लांबल्यामुळें साचलेल्या फरकाची रक्कम एकदम मिळणार असेल, तर कर्जांत बुडालेल्याला तेवढीच दिसते. ह्यांतील प्रत्येकाचें म्हणणें त्याच्या जागीं खरें आहे. आणि ज्याचें म्हणणें सभेंत ऐकूंच येत नाहीं असा एक मोठा वर्ग आहे, तो हंगामी, कंत्राटी आणि शिकाऊ तरुणांचा. ते त्याच यंत्रापाशीं, त्याच पाळींत उभे असतात. पण कायम कामगारांच्या कराराचा आंकडा त्यांना सहसा लागू नसतो. कित्येकदां बाप कायम आणि मुलगा कंत्राटी, असे एकाच घरांतले दोघे एकाच बसनें कामाला जातात. बापाच्या करारानें मुलाची वाट रुंद होते कीं अरुंद, हें विचारणें हा त्या घराचा हक्कच आहे.

ह्यावर उपाय मोठा खर्चाचा नाहीं. मसुदा सोप्या मराठींत छापून सहीपूर्वीं निदान आठवडाभर प्रत्येक कामगाराच्या हातीं द्यावा. कोणत्या वर्षीं किती वाढ, ती मूळ वेतनांत किती आणि बक्षिसांत किती, बदल्यांत काय कबूल केलें आहे, आणि कोण वगळला आहे, हीं चार उत्तरें त्यांत पहिल्याच पानावर असावींत. नंतर हात वर करून नव्हे, तर चिठ्ठी टाकून गुप्त मत घ्यावें; कारण पुढाऱ्याच्या नजरेसमोर वर झालेला हात आणि साहेबाच्या नजरेसमोर केलेली सही ह्यांत फारसा फरक नसतो. असें झालें म्हणजे प्रत्येक करार चांगलाच होईल असें नाहीं. परंतु तो कागद घरीं नेऊन कुटुंबाबरोबर वाचतां येईल, मुलाला त्यांतील हिशेब मांडावयास सांगतां येईल, आणि मत कोणत्याहि बाजूस पडो, पुढील तीन वर्षें आपण काय कबूल केलें आहे हें त्या घराला ठाऊक असेल.