डुकराचे मांस आणि सफरचंद : पोटभरीचे जेवण व घ्यावयाची काळजी

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी रोहिणखेड हे जुने गाव आहे. वऱ्हाड आणि खानदेश यांच्या सीमेवरील या ठिकाणी १४३७ व १५९० या दोन साली मोठ्या लढाया झाल्याची नोंद इतिहासात आहे, आणि सोळाव्या शतकातील जुनी मशीद आजही गावात उभी आहे. आजच्या रोहिणखेडकरांचे लक्ष मात्र कपाशीवर, सोयाबीनवर आणि तुरीवर असते. पेरणी, निंदणी व डवरणी आटोपून पोळा आला म्हणजे माणसाला व बैलाला थोडी उसंत मिळते. पोळ्याच्या दिवशी पुरणाचा नैवेद्य होतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, वऱ्हाडातील मांसाहारी घरांतून सामिष स्वयंपाक करण्याची चाल आहे.

याच दिवसांत हिमाचल प्रदेश व काश्मीर येथील सफरचंदांचा हंगाम सुरू होतो. थोड्याच दिवसांत मलकापूर-मोताळ्याच्या बाजारांतील हातगाड्यांवर ही फळे दिसू लागतात. बहुतेक घरी करीला बोकडाचे अथवा कोंबडीचे मांस शिजते; काही घरी डुकराचे. या शेवटच्या घरांना, बाजारात आलेले हे फळ मांसाच्या रश्शात घालून चविष्ट व पोटभरीचे जेवण कसे करता येईल आणि ते निर्धोक कसे ठेवता येईल, हे सांगणे उपयुक्त ठरेल.

प्रारंभीच एक गोष्ट ग्रामकार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. रोहिणखेडसारख्या गावात डुकराचे मांस निषिद्ध मानणारी मुसलमान कुटुंबे आहेत, आणि ते न खाणारी हिंदू कुटुंबेही पुष्कळ आहेत. वडार, कैकाडी यांसारख्या कष्टकरी समाजांत मात्र वराहपालन व हा आहार पूर्वापार चालत आलेला आहे. कोणी काय खावे हे शिकविणे कार्यकर्त्याचे काम नव्हे. जे खातात त्यांच्या घरी, त्यांच्याच चुलीपाशी बसून हा विषय काढावा. चावडीवर सभा भरवून काढू नये. खाणाऱ्याला लाज वाटेल असा एक शब्द जरी तोंडून गेला, तरी पुढील सारा सल्ला वाया जातो.

फळ व मांस यांचा मेळ

मांसात फळ घालावयाचे, ही कल्पना प्रथम विचित्र वाटते. युरोपात मात्र हा मेळ फार जुना आहे. तेथे शरद ऋतूत सफरचंदे पिकतात, आणि हिवाळ्याच्या तोंडी पोसलेली डुकरे मारण्याची शेतकऱ्यांची रीत होती. बागेत गळून पडलेली फळे डुकरे खात, आणि उरलेली फळे त्यांच्याच मांसाबरोबर शिजत. इंग्लंडात भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर सफरचंदाची आंबट चटणी वाढतात, आणि त्यासाठी ब्रॅम्ली नावाची खास आंबट जात लावतात.

यामागील कारण साधे आहे. डुकराच्या मांसात चरबी पुष्कळ असते. ती जिभेवर व टाळूवर बसते आणि जेवण जड वाटू लागते. आंबट रसाने तो तेलकटपणा तुटतो. सफरचंदात मॅलिक आम्ल असते. शिवाय पेक्टिन नावाचा जो पदार्थ मुरंब्याला घट्टपणा आणतो, तोही या फळात भरपूर असल्याने रस्सा आपोआप दाट होतो. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे हेच काम आमसुलाने करतात. त्यांच्या सोलांतुलें या पदार्थात डुकराचे मांस आमसुलातच शिजवितात. विंदालू व सोर्पोतेल यांत ताडीचा शिरका पडतो. आंध्रात मांसाबरोबर अंबाडीचा पाला शिजवितात, आणि अंबाडी तर वऱ्हाडच्या घराघरांतील भाजी आहे.

फळ तिखटमिठात घालणे आपल्याकडेही मुळीच नवे नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत बोरे पडतात. पेरूची आंबटगोड भाजी कित्येक घरी होते. तेव्हा ज्या गृहिणीने भोगीची भाजी केली आहे, तिला सफरचंदाच्या रश्शात नवे असे थोडेच शिकावे लागेल.

सफरचंद महाग असल्यास त्याच्यावाचून अडून राहण्याचे कारण नाही. या फळाचे गुण वाजवीपेक्षा अधिक गाइले जातात. जीवनसत्त्व ‘क’ पाहिले तर आपला पेरू सफरचंदाच्या कितीतरी पट पुढे आहे. हिवाळ्यात अर्धपिके पेरू बिया काढून वापरावेत, संक्रांतीच्या सुमारास आंबट बोरे, आणि एरवी चिंचेचा कोळ. उष्ण हवेत येणारी हरिमन-९९ ही सफरचंदाची जात हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्यात निघाली आहे व महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ती लावून पाहिली आहे. परंतु हौसेची दोन झाडे परसात लावणे वेगळे आणि कपाशीचे रान मोडून बाग करणे वेगळे.

मांसातील धोका

कृतीपूर्वी या मांसातील धोका समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यावरच कृतीतील प्रत्येक पायरी अवलंबून आहे.

पट्टकृमी नावाचा चपटा, फितीसारखा जंत माणसाच्या आतड्यात राहतो व कित्येक मीटर लांब वाढतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावर पडलेली विष्ठा मोकाट डुकराने खाल्ली की त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या डुकराच्या स्नायूंत जाऊन बसतात. तेथे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढ्या, पांढुरक्या, पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या होतात. असे मांस कच्चे अथवा अर्धेकच्चे खाल्ल्यास खाणाऱ्याच्या आतड्यात नवा जंत वाढतो, आणि हे चक्र पुन्हा सुरू होते.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. पुढची मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्याच्या पोटात असा जंत आहे त्या माणसाच्या न धुतलेल्या हातांवाटे, पाण्यावाटे किंवा कच्च्या भाजीपाल्यावाटे जंताची अंडी दुसऱ्या माणसाच्या पोटात गेली, तर त्या अळ्या माणसाच्याच शरीरात पुटकुळ्या करतात. कधी स्नायूंत, कधी डोळ्यांत, कधी मेंदूत. मेंदूतील पुटकुळीने झटके येतात. ज्या प्रदेशांत हा जंत आहे व मोकाट डुकरे माणसांच्या वस्तीत वावरतात, अशा पुष्कळ भागांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रोग्यांच्या मुळाशी हाच जंत असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्याने जन्मात डुकराचे मांस तोंडाला लावले नाही, त्यालाही हा मेंदूचा विकार होऊ शकतो. त्याला मांस कारण नसून उघड्यावरची विष्ठा कारण असते. गावात झटक्यांचा रोगी निघाला की बाहेरची बाधा झाली असे म्हणतात, कांदा हुंगवितात, आणि पोर शाळेतून काढतात. अशा रोग्यास विलंब न लावता सरकारी दवाखान्यात न्यावे. तपासणीने रोग ओळखता येतो व त्यावर उपचार आहेत. मात्र जंताच्या गोळ्या मनाने आणून देऊ नयेत, कारण मेंदूतील पुटकुळ्या औषधाने मरताना सूज येऊन त्रास वाढण्याचा संभव असतो.

म्हणून या जेवणाची पहिली तयारी चुलीपाशी नव्हे, तर शौचकूपापाशी होते. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून या दिशेने पुष्कळ काम झाले. तथापि शौचकूप बांधलेला असणे व घरातील प्रत्येकाने तो रोज वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्याचबरोबर डुक्कर गोठ्यात बांधून, दाणा व शिजविलेले खरकटे घालून पाळलेले असावे. गावभर फिरणाऱ्या डुकराचे मांस स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

मांसाची निवड व कृती

ताजे मांस फिक्या गुलाबी रंगाचे असते, चरबी पांढरी व घट्ट असते, आणि वास येत नाही. जिभेकडील, खांद्याचा व मांडीचा भाग कापून पाहावा, कारण पुटकुळ्या विशेषेकरून तेथे आढळतात. एक जरी पुटकुळी दिसली तरी ते मांस खाऊ नये, कुत्र्यांपुढे टाकू नये; खोल खड्ड्यात पुरावे. पुटकुळी दिसली नाही म्हणून मांस निर्दोष आहे असेही नव्हे, आणि यासाठीच पुढील उकळण्याला महत्त्व आहे.

सहा माणसांसाठी थोडी चरबी असलेले १ किलो मांस, मध्यम आकाराची ३ सफरचंदे, ३ मोठे कांदे, बोटभर आले, लसणाचा एक गड्डा, चमचाभर हळद, दोन चमचे तिखट, दहाबारा मिरे, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, एक लिंबू, सुपारीएवढा गूळ व चवीपुरते मीठ घ्यावे. बाजारात येणारी लाल सफरचंदे बहुधा गोड असतात. त्यांतल्या त्यात कडक व आंबटसर फळे निवडावीत.

मांसाचे तुकडे लिंबाएवढे करावेत, त्याहून मोठे नकोत. मांस कापलेली विळी व पाट साबणाने व कढत पाण्याने धुतल्यावाचून त्यावर कांदा अथवा फळ चिरू नये. चरबीचे तुकडे प्रथम गंजात घालून मंद आंचेवर ठेवावेत. त्यांना तेल सुटते, आणि वेगळे तेल लागतच नाही. फार सुटल्यास पळीने काढून ठेवावे. त्यात कांदा तांबूस परतून, वाटलेले आले-लसूण, हळद, तिखट व मसाला घालावा. मग मांस घालून त्याचा रंग पालटेपर्यंत हलवावे. मांस बुडेल इतके आधणाचे पाणी व मीठ घालून झाकण ठेवावे. एक खळखळून उकळी आली की आंच बेताची करून सव्वा तास शिजू द्यावे. कुकर असल्यास पहिल्या शिटीनंतर बारीक आंचेवर वीस ते पंचवीस मिनिटे पुरतात.

यानंतर सर्वांत मोठा तुकडा काढून मध्ये कापून पाहावा. आत गुलाबी छटा नसावी, रस स्वच्छ निघावा, आणि तुकडा बोटांनी सहज तुटावा. तसे नसल्यास पुन्हा शिजवावे. ही परीक्षा झाल्यावरच सफरचंदाच्या सालीसकट फोडी घालाव्यात व दहाबारा मिनिटे झाकण ठेवून शिजवाव्यात. फळ आधी घातल्यास ते विरघळून गंजाच्या बुडाला लागते, आणि दुसरे म्हणजे फळ मऊ झाले म्हणून मांसही झाले, अशी चुकीची समजूत होते. अखेरीस गूळ व लिंबाचा रस घालून गंज उतरवावा. आंबट पदार्थ असल्याने बिनकल्हईचे पितळेचे किंवा अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये. स्टीलचे, कल्हईचे अथवा मातीचे चालेल.

तिखटाने, शिरक्याने किंवा बरोबर घेतलेल्या दारूने मांसातील जंत मरतात, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. तो सर्वस्वी खोटा आहे. अळी मरते ती पुरेशा उष्णतेने. डुक्कर मारल्यावर केस जाळण्यासाठी ते जाळावर धरतात आणि त्याच वेळी भाजलेल्या कातडीचे तुकडे मुलांच्या हातावर ठेवतात, ही चाल सोडावयास हवी. वरून करपलेला तुकडा आत कच्चाच असतो.

हा रस्सा ज्वारीच्या भाकरीबरोबर व कच्च्या कांद्याबरोबर उत्तम लागतो. डुकराच्या मांसातील प्रथिने उत्तम दर्जाची असतात, आणि जीवनसत्त्व ‘ब-१’ तर बोकडाच्या मांसाहून त्यात पुष्कळच अधिक असते. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरते, म्हणून रस्सा टाकून न देता भाकरीबरोबर संपवावा. बहुधा हे मांस बोकडाच्या मांसापेक्षा स्वस्त पडते, ही गोष्टही मोठ्या कुटुंबाच्या दृष्टीने लहान नाही. वाढताना घरातील बायकांच्या ताटात शेवटी नुसताच रस्सा उरतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांचा वाटा आधी बाजूला काढून ठेवणे बरे. रक्तदाब अथवा हृदयविकार असलेल्यांनी चरबीचे तुकडे वगळावेत.

रात्रीचे उरलेले कालवण सकाळी खावयाचे असल्यास थंड जागी झाकून ठेवावे व खाण्यापूर्वी पुन्हा खळखळून उकळावे. पोळ्याच्या दिवसांतील दमट हवेत ते त्याहून अधिक काळ ठेवू नये. घरी डुकरे असल्यास या जेवणाचे खरकटे त्यांना घालू नये. २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग भारतात प्रथम आढळला, आणि न उकळलेल्या खरकट्यातील मांसाच्या तुकड्यांतूनही तो पसरतो. माणसाला त्याची बाधा होत नाही; परंतु त्यावर औषध नसल्याने रोग शिरलेल्या गोठ्यातील जनावरे बहुधा वाचत नाहीत. डुकरे एकाएकी मरू लागल्यास मेलेले जनावर कापू अथवा विकू नये, आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.