पुसदमध्ये ऐकलेलं गाणं अमेरिकेत मोजतात का?

आवडत्या गायिकेचा नवा अल्बम आला की आमच्या पुसदची कॉलेजातली पोरं तो रात्रभर लावून ठेवतात. अमेरिकेच्या यादीत ती वर जावी, एवढीच इच्छा. ही माया मला मोलाची वाटते, म्हणूनच खरं सांगायला हवं. ‘बिलबोर्ड २००’ या अल्बमच्या यादीत फक्त अमेरिकेतली विक्री आणि तिथलंच ऐकणं धरतात. पुसदची भर पडू शकते ती ‘ग्लोबल २००’मध्ये. ती यादी सप्टेंबर २०२० पासून निघते, पण ती सुट्या गाण्यांची आहे.

‘बिलबोर्ड २००’मधला पहिला नंबर म्हणजे सर्वांत जास्त ऐकलेला अल्बम, हेही खरं नाही. डिसेंबर २०१४ पर्यंत तिथे निव्वळ खप बघत. नंतर ऐकणंही धरू लागले, पण सगळ्यांचं एका मापानं नाही. २०१८ मध्ये ठरलेल्या हिशेबात पैसे भरणाऱ्यांनी गाणी १,२५० वेळा ऐकली की एक अल्बम खपला असं धरलं. जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांसाठी हाच आकडा ३,७५० होता. आपल्या वडीलधाऱ्यांना यादी म्हटलं की रेडिओवरची बिनाका गीतमाला आठवते. तिथे रेकॉर्डच्या खपाबरोबर श्रोता संघांची पसंतीही पायदान ठरवायची. कोऱ्या कॅसेटमध्ये भरून घेतलेली किंवा मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात टाकून आणलेली गाणी मात्र कुठल्याच वहीत चढली नाहीत.

सर्वांत चिवट समज म्हणजे, दुसरा अल्बम पडतोच. भीती निराधार नाही : पहिल्यासाठी गाणी वर्षानुवर्षं साठलेली असतात, दुसऱ्यासाठी वर्ष-दोन वर्षं हातात. पण गायिका ॲडेलचं बघा. २००८ चा तिचा पहिला अल्बम ‘१९’ ब्रिटनमध्ये पहिला आला, अमेरिकेत तेवढा चढला नाही. २०११ चा दुसरा, ‘२१’, मात्र अमेरिकेत एकूण २४ आठवडे पहिल्या स्थानावर होता आणि २०११ व २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षं तिथला सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. जगभरात त्याच्या ३ कोटींहून जास्त प्रती गेल्या.

पहिल्या आठवड्यावरून अल्बमचं नशीब ठरवणाऱ्यांनी तर हा खप जरूर पाहावा. अमेरिकेतल्या पहिल्या आठवड्यात ‘२१’ सुमारे ३ लाख ५२ हजार खपला. त्याचा सर्वांत मोठा आठवडा आला फेब्रुवारी २०१२ मध्ये, ग्रॅमी पुरस्कारांनंतर : ७ लाख ३० हजार. अल्बम बाजारात येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.