कुठं दुखतंय? : परक्या मुलखातल्या डॉक्टरची पहिली परीक्षा

माझी चुलतबहीण नर्स आहे. टांझानियातल्या एका खेड्यातल्या इस्पितळात कामाला जायचं तिच्या मनात आहे. हट्ट्याला आमच्या घरी हा विषय निघाला, तेव्हा आजीचा पहिला प्रश्न : "तिथं भात भेटते का वं?" चिन्नोरच्या भातावर वाढलेल्या बालाघाटच्या माणसाने दुसरं काय विचारावं? तर भात मिळतो. रोजचं जेवण मात्र उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तो हाताने मोडून पालेभाजीबरोबर खातात. जिभेला त्याची सवय होते. कानाला आणि डोक्याला तिथं रुळायला जास्त वेळ लागतो, आणि हा लेख त्याबद्दल आहे.

घड्याळाचंच घ्या. स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला 'सा मोजा', पहिला तास. आठ म्हणजे दुसरा. आता नव्या नर्सने शब्दकोश बघून रुग्णाला सांगितलं की गोळी दुसऱ्या तासाला घ्या, आणि तिच्या मनात दुपारचे दोन आहेत. रुग्ण गोळी घेणार आठला. दोघांचंही चुकलं नाही, पण औषधाची वेळ चुकली. असली गोष्ट औषधशास्त्राच्या पुस्तकात नसते.

शरीराचे शब्द तर त्याहून अवघड. अल्बर्ट श्वाइट्झर हे नाव आपण ऐकलेलं असतं. 1952 चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. 1913 मध्ये ते आजच्या गॅबॉनमधल्या लांबारेने इथे गेले. त्यांचा दुभाषा जोसेफ आधी स्वयंपाकी होता. फ्रेंच त्याला येत होती, पण शरीराचे शब्द सगळे खाटकाच्या दुकानातले. रुग्णाचा पाय दुखत असेल तर बोकडाची मांडी दुखतेय म्हणायचा, बरगड्या दुखत असतील तर चाप! हसू येतं खरं, पण निदान त्याच शब्दांवर व्हायचं. श्वाइट्झर यांनी तिथे आयुष्याची कितीतरी वर्षं काढली, तरी रुग्णांशी बोलायला त्यांना शेवटपर्यंत दुभाष्याची गरज लागली. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल हे जरा खटकतं, निदान मला.

आता आपल्याकडचं उदाहरण. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म 1910, सोलापूर. शांतारामबापूंच्या 1946 च्या सिनेमामुळे नाव घरोघरी गेलं, पण सिनेमात त्याग दिसतो, रुळणं फारसं दिसत नाही. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबईहून पाच डॉक्टरांचं पथक चीनला निघालं. जपानने चीनवर हल्ला केला होता आणि काँग्रेसने ही मदत पाठवली होती. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. यातले चोळकर आपल्या नागपूरचे, पथकात वयाने सगळ्यांत मोठे. (तेव्हा बालाघाटही नागपूरसारखं मध्य प्रांतातच होतं, म्हणून 'आपल्या' म्हणतो.) चोळकर आणि मुखर्जी 1939 मध्येच परतले. यात कमीपणा काही नाही. सगळ्यांनीच राहायचं असं ठरलेलं नव्हतं.

कोटणीस चुंगकिंगला असताना वडील गेल्याची बातमी आली. तरी ते पुढे येनानला गेले. तिथे घरं म्हणजे मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा, आणि जेवायला राळं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकराला राळं, आणि तेही रोज! आमच्या बैहरकडे कोदो-कुटकी खातात, त्यातलाच प्रकार समजा. पण ते टिकले ते भाषेमुळे, असं मला वाटतं. दिसेल त्याला विचारत ते चिनी शिकले, लिहायला-वाचायलाही शिकले, आणि पुढे वर्गावर शस्त्रक्रिया चिनी भाषेतच शिकवू लागले. 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. गावातले लोक त्यांना 'काळी आई' म्हणत. आपल्याकडे काळी आई म्हणजे शेतजमीन. हा निव्वळ योगायोग, पण मराठी वाचकाला तिथे थांबावंसं वाटतंच.

तिथल्याच नर्सिंगच्या शिक्षिका को छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता, तेव्हा 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, फिट येऊन कोटणीस गेले. झटके त्यांना आधीपासून येत होते. हे मी बहिणीला मुद्दाम सांगितलं. परक्या मुलखात रुळायचं म्हणजे स्वतःच्या तब्येतीकडे दुर्लक्ष करायचं असं नाही. तिथे आपण आजारी पडलो तर आपल्याला कोण बघणार, हे जाण्याआधी विचारून ठेवावं.

आणि परकं व्हायला पासपोर्टच लागतो असंही नाही. आमच्या हट्ट्यात घरी पवारी, बाजारात हिंदी, गोंदियाला गेलं की मराठी. बैहरकडून येणारा गोंड किंवा बैगा माणूस आणखी वेगळं बोलतो. आजीला एकदा एका दवाखान्यात नेलं होतं. "घाबरल्यासारखं होते," ती म्हणाली. नव्या डॉक्टरांनी विचारलं, "कशाची भीती वाटते?" भीती कशाचीच नव्हती, तिला दम लागत होता. मराठीत कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, मुरडा वेगळा. बाहेरून आलेल्या डॉक्टरला हे सगळं 'दुखतंय' एवढंच ऐकू येतं. शब्द कमी पडले की तपासण्या वाढतात, आणि खर्च रुग्णाचा.

बहिणीने सध्या एक वही केली आहे. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला स्वाहिली. 'इनाउमा वापि?' म्हणजे कुठे दुखतंय? 'पोले' हा शब्द ती रोज घोकते. कुणाला लागलं, कुणाचं कुणी गेलं, कुणी नुसतं दमलं, तरी तिथे समोरचा 'पोले' म्हणतो. याला मराठीत एकच शब्द तिला सापडेना, म्हणून डावी बाजू अजून कोरीच आहे. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "आपण तर नुसते जवळ बसतो."