राउटरच्या मागची वायर

मुळशी तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आणि पश्चिमेला ताम्हिणी घाट. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये वायफाय दोन मिनिटं बंद पडलं तरी आयटी विभागाचे फोन खणखणू लागतात. ताम्हिणीच्या बाजूला फोनवर रेंजच्या दोन कांड्या दिसल्या तरी पुष्कळ झालं. घराघरांतली आणि ऑफिसांतली वायर आता हद्दपार होणार का, या प्रश्नाचं उत्तर एकाच तालुक्याच्या या दोन टोकांना शोधता येतं.

आधी हिंजवडी. पूर्वी इथल्या ऑफिसांत प्रत्येक टेबलाखाली लॅन पॉइंट असे आणि त्यातून निघालेली निळी किंवा राखाडी केबल थेट कॉम्प्युटरला जोडलेली असे. आता कर्मचारी लॅपटॉप उचलून मीटिंग रूममध्ये जातो, तिथून कँटीनमध्ये, आणि त्याचं काम कुठेही अडत नाही. वायर गेली असं वाटावं असंच हे चित्र आहे. पण छताची एक फळी सरकवली की वेगळंच दिसतं. वायफाय देणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या डबीला एक केबल आलेली असते आणि बहुतेक ठिकाणी त्या डबीला लागणारी वीजही त्याच केबलमधून जाते. या केबल मजल्यावरच्या स्विचला, तिथून सर्व्हर रूमला आणि पुढे रस्त्याखालच्या फायबरला जोडलेल्या. काळजी घेणाऱ्या कंपन्या तर दोन वेगवेगळ्या पुरवठादारांचं फायबर दोन वेगळ्या रस्त्यांनी आणतात, कारण जेसीबीचा एक फावडा एक लाइन तोडायला पुरतो.

वायर टेबलाखालून निघाली आणि छतात जाऊन बसली, इतकंच.

याचं कारण हवेतच आहे. एका चॅनेलवरची वायफाय उपकरणं ग्रामसभेतल्या माणसांसारखी असतात. एकाचं बोलणं संपल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकू येत नाही. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन. बारा मजली सोसायटीत घरटी एक राउटर धरला, तर रात्री नऊ वाजता तिथे काय होत असेल याची कल्पना करावी. ५ गिगाहर्ट्झवर जागा जास्त आणि वेगही जास्त, पण ती लहर काँक्रीटच्या किंवा काळ्या दगडाच्या जाड भिंतीपुढे लवकर दम टाकते. साध्या कॅट-६ केबलला यातलं काहीच आडवं येत नाही. शंभर मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग ती दोन्ही दिशांना एकाच वेळी देते.

वायफायची प्रगती थक्क करणारी आहे, यात वाद नाही. १९९७ च्या पहिल्या मानकात वेग होता २ मेगाबिट. आजच्या वायफाय ७ ची कागदावरची कमाल ४६ गिगाबिट आहे. पण केबलवाले थांबलेले नाहीत. २०२४ मध्ये इथरनेटचं ८०० गिगाबिटचं मानक मंजूर झालं.

ही चढाओढ पुणे जिल्ह्याने याआधीही पाहिली आहे. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बीम वायरलेस सेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवणारं केंद्र खडकीला होतं आणि घेणारं दौंडला. समुद्राखालच्या तारेपेक्षा ही सेवा इतकी स्वस्त पडली, की केबल कंपन्यांचं धाबं दणाणलं आणि १९२९ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातले केबलचे आणि वायरलेसचे धंदे एका छत्राखाली आणावे लागले. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला उपग्रह केंद्र उभं राहिलं. तार संपली असं तेव्हाही वाटलं असेल. आज खंडाखंडांमधली इंटरनेटची बहुतेक सगळी वाहतूक समुद्राच्या तळाशी पडलेल्या काचेच्या तंतूंतून चालते. आर्वीपासून फार दूर नसलेल्या खोडदच्या महादुर्बिणीचं उदाहरण तर आणखी बोलकं. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातून आलेल्या रेडिओ लहरी टिपतात, पण टिपलेलं सगळं नियंत्रण कक्षात पोहोचतं ते फायबरवरून.

आता ताम्हिणीकडे. इथे फायबर नेणं खर्चाचं आणि किचकट: कातळ फोडायचा, वनखात्याची परवानगी मिळवायची, शिवाय पावसाळ्यात दरडींची धास्ती. तुटलेलं फायबर जोडणं म्हणजे सोनारकाम. केसाएवढ्या जाडीचा, १२५ मायक्रॉनचा तंतू सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, काटकोनात कापायचा आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करायची. हे सगळं रस्त्याकडेला, भर पावसात, डोक्यावर ताडपत्री धरून.

अशा ठिकाणी बिनतारी जोडणीची बाजू खरोखर वजनदार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने पुण्यासह आठ शहरांत एअरफायबर सुरू केलं. गच्चीवरचा रिसीव्हर टॉवरकडून ५जी घेतो आणि घरात वायफाय देतो. शेवटच्या टप्प्यात खणायची गरजच नाही. मुळशी धरणाच्या आसपासची फार्महाऊस आणि एकेकटी घरं यांना हा मार्ग सोयीचा. मात्र सह्याद्रीची एखादी सोंड मध्ये आली की टॉवर दिसेनासा होतो. टॉवरला फायबर नसेल, तर तो मायक्रोवेव्हच्या तबकडीवर चालतो आणि त्या लहरींना मुसळधार पाऊस मानवत नाही. टॉवरची क्षमता आजूबाजूच्या सगळ्यांत वाटली जाते, हे वेगळंच. म्हणून बिनतारी सेवा चांगली चालायची, तर फायबर निदान टॉवरपर्यंत यायलाच हवं.

थोडक्यात, फोन, लॅपटॉप, टॅब यांच्यापुरती वायर हरली आहे आणि ती परत येणार नाही. एका जागी बसणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि खुद्द वायफायची डबी यांच्यासाठी, तिला अजून तोड नाही. पिरंगुट-पौड पट्ट्यात किंवा आणखी कुठे घर बांधायला काढलं असेल, तर प्लास्टर होण्याआधी टीव्हीच्या भिंतीपर्यंत, कामाच्या टेबलापर्यंत, फाटकापर्यंत आणि प्रत्येक मजल्याच्या छतापर्यंत एकेक रिकामा पाइप टाकून घ्यावा. तो विजेच्या पाइपपासून वेगळा असावा. खर्च किरकोळ आहे. नंतर भिंत फोडायचा खर्च किरकोळ नसतो.