एलडी कळवा

राज्य भार प्रेषण केंद्र हे पाटीवरचं नाव. वीज कंपन्यांतली माणसं फोनवर ‘एलडी कळवा’ (एलडी म्हणजे लोड डिस्पॅच) एवढंच म्हणतात. इथे वीज तयार होत नाही आणि साठवलीही जात नाही. इथे चालतो हिशेब: या घटकेला राज्याला किती वीज हवी, ती कुठून येतेय, आणि मधलीच एखादी लाइन गेली तर काय.

नियंत्रण कक्षात सगळ्यांची नजर एका आकड्यावर असते. 49.98. मग 50.01. परत 49.97. ही फ्रिक्वेन्सी. कोराडी, चंद्रपूर, पार पंजाबातलीही मोठी जनित्रं एकाच ठेक्यात फिरतात. औष्णिक संच असेल तर बहुतेक मिनिटाला 3000 फेरे. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं आणि सगळ्या देशाचा ठेका एक झाला. मागणी चढली की हा ठेका मंदावतो, ओसरली की चढतो.

5 एप्रिल 2020 ची रात्र या लोकांनी किती धास्तीत काढली, ते बाहेर फारसं कुणाला कळलं नाही. पंतप्रधानांच्या आवाहनावरून नऊ वाजता नऊ मिनिटं देशभर दिवे बंद. देशाची मागणी बारा-चौदा हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता. उतरली 31 हजारांनी. तरी फ्रिक्वेन्सी 49.70 ते 50.26 च्या आत राहिली, ती मुख्यतः पाण्यावर. औष्णिक संचाला अंग हलवायला वेळ लागतो; जलविद्युत संच मिनिटांत वरखाली होतो. महाराष्ट्राकडे असा हुकमी एक्का म्हणजे 1960 मेगावॉटची कोयना. पण पश्चिमेकडे वळवायला तिला वर्षाकाठी साडेसदुसष्ट टीएमसीच पाणी मंजूर आहे, त्यामुळे घरातल्या सोन्यासारखी ती जपून वापरावी लागते.

फ्रिक्वेन्सी निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी भानगड वेगळी. महाराष्ट्राचा कोळसा विदर्भात आणि विजेची भूक कोकणपट्टीत. चंद्रपूर ते पडघा ही एकटी एचव्हीडीसी लाइनच 752 किलोमीटरची. ती डीसी, तिचं गणित निराळं. साध्या एसी लाइनवर मात्र वीज वाहते तीच मुळी दोन टोकांच्या ठेक्यात किंचित पुढे-मागे असल्यामुळे. जुवाला जुंपलेला एक बैल अर्धं पाऊल पुढे असावा, तसं. भार वाढला की अंतर वाढतं. एका मर्यादेपलीकडे जोडी फुटते आणि मग ती लगेच परत जुंपता येत नाही. 30 जुलै 2012 च्या पहाटे बीना-ग्वाल्हेर ही भारलेली लाइन तुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्यही. पश्चिमेचं जाळं दोन्ही दिवस टिकलं.

म्हणून एकेक लाइन आधी संगणकावर तोडून बघतात. ही गेली तर तिचा भार कुणावर? तिला तो झेपेल? व्होल्टेज कुठे बसेल? कुठलीही एक गेली तरी बाकीच्यांनी निभावलं पाहिजे, हा जगभरचा नियम. नियमाची खोच अशी की एक खरोखर गेली, त्याच क्षणी आधीचा हिशेब शिळा होतो. उरलेल्या जाळ्यातून पुन्हा ‘आणखी एक’ तोडून बघावी लागते.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. पहाटेपासून कळवा-पडघा-खारघर पट्ट्यातल्या 400 केव्हीच्या लाइनी एकामागून एक बाहेर पडत गेल्या. दहाच्या सुमाराला मुंबई गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे गेल्या. अशा वेळी मुंबईने जाळ्यापासून स्वतःला तोडून स्वतःच्या विजेवर तगावं, यासाठी आयलँडिंगची योजना 1980 च्या दशकापासून आहे. त्या दिवशी ती मुंबईला तारू शकली नाही. आतली निर्मिती मागणीच्या मानाने फार थोडी होती.

मला त्यातला मधला वेळ महत्त्वाचा वाटतो. पहिली लाइन गेल्यापासून मुंबई अंधारात जाईपर्यंत काही तास होते. शहरातले संच चढवायचे, नाहीतर काही फीडर हाताने उतरवायचे, असे दोनच मार्ग. सगळं सुरळीत दिसत असताना आपणहून लोकांचे पंखे बंद करणं, हा निर्णय घेणाऱ्याला शाबासकी कोण देणार? काही झालं नाही तर तो उगाच घाबरला, असंच म्हणतील.

पुढे 2023 मध्ये खारघर-विक्रोळी 400 केव्ही लाइन सुरू झाली आणि मुंबईत शिरायला आणखी एक जाड दोर मिळाला. राज्याची मागणी मात्र उन्हाळ्यात 30 हजार मेगावॉटच्या पलीकडे गेली आहे. त्यात सौर वीज वाढतेय. तिच्यात फिरतं वजनच नाही. जड चाक धक्का सोसतं तसा ती आपोआप सोसत नाही. शिवाय संध्याकाळी सूर्य उतरतो तेव्हाच दिवे लागतात, आणि ती तूट तासाभरात दुसऱ्या कुणीतरी भरून काढायची असते.

पावसाळा सरला की दुरुस्तीचे अर्ज येऊ लागतात. कुठल्यातरी उपकेंद्रातून फोन: इन्सुलेटरला तडा गेलाय, लाइन चार तास हातात द्या, माणसं खांबाशी उभी आहेत. एलडीवरचा माणूस ती लाइन पडद्यावर काढतो. मग शेजारची काढून बघतो. शेजारचीच्या शेजारची.

“आज नको,” तो फोनवर सांगतो. “रविवारी पहाटे घ्या.”