यूझनेटसाठीं हलकें वाचनसाधन

गांवच्या पारावर ज्याप्रमाणें एकानें विषय काढावा आणि इतरांनीं त्यांत आपापली भर घालावी, तोच व्यवहार लेखी स्वरूपांत यूझनेटवर चालतो. १९७९ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या दोघां विद्यार्थ्यांनीं ही योजना आंखली. विषयवार गट पाडावयाचे, कोणीहि आपल्या आवडीच्या गटांत पत्र घालावयाचें आणि तें पत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर असें जगभर पोंचावयाचें, अशी ही व्यवस्था आहे. मराठी मंडळींनींहि ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ हा गट चालविला. त्या काळीं देवनागरीची सोय नसल्यामुळें मराठी मजकूर रोमन अक्षरांतच लिहावा लागे.

पुष्कळ लोक हे गट गूगल ग्रूप्सच्या पानांवरून वाचीत असत. परंतु २२ फेब्रुवारी २०२४ पासून तेथें यूझनेटचा नवा मजकूर घेणें बंद झालें. जुना संग्रह तेवढा पाहतां येतो. म्हणून नवीं पत्रें वाचूं इच्छिणारास दोन गोष्टी लागतात: एक न्यूज सर्व्हर आणि दुसरें त्याच्याशीं बोलणारें न्यूजरीडर नांवाचें साधन. ‘इटर्नल सप्टेंबर’ हा सर्व्हर नांवनोंदणी केल्यास केवळ मजकुराचे गट विनामूल्य देतो.

साधन हलकें कां असावें, हा प्रश्न नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत केवळ हौसेचा नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा सातपुड्याच्या रांगांपर्यंत पसरला आहे. नंदुरबार शहरांत राहणारा विद्यार्थी सुटींत धडगांवाकडील आपल्या गांवीं गेला, तर डोंगराच्या आड मोबाइलचा संकेत क्षीण होतो. घरांतील संगणकहि कित्येकदां जुनाच असतो. अशा ठिकाणीं जें साधन संपर्क असतांना थोडक्या वेळांत पत्रें उतरवून घेतें आणि मग संपर्क तुटला तरी तीं वाचूं देतें, तेंच उपयोगी.

निवड करतांना चार कसोट्या लावाव्या. पहिली, पत्रें सांठवून ठेवण्याची सोय. दुसरी, उत्तर-प्रत्युत्तरांची साखळी नीट जुळवून दाखविणें. तिसरी, नकोशा लेखकांचीं वा विषयांचीं पत्रें गाळण्याची युक्ति. चवथी, देवनागरी अक्षरें शुद्ध उमटणें.

अगदीं हलक्या साधनांत इयन ली यांचें ‘टिन’ (१९९१) आणि जॉन डेव्हिस यांचें ‘स्लर्न’ (१९९४) हीं दोन प्रसिद्ध आहेत. दोन्ही चित्रांवांचून, निव्वळ अक्षरांच्या खिडकींत, कळफलकावर चालतात. त्यामुळें जुन्या यंत्रासहि तीं जड होत नाहींत. स्लर्नमध्यें प्रत्येक पत्रास गुण देऊन चांगलें वर आणतां येतें व निरर्थक दडवितां येतें. त्याच्या जोडीचें ‘स्लर्नपुल’ पत्रें आधींच उतरवून ठेवतें. मात्र मेख अशी कीं, अक्षरांच्या अनेक खिडक्यांत ‘क्ष’, ‘त्र’ यांसारखीं जोडाक्षरें व वेलांट्या विस्कटतात. जुनीं रोमन मराठी पत्रें वाचणारास त्याची अडचण नाहीं. देवनागरींत लिहूं पाहणारास आहे.

त्याच्यासाठीं ‘पॅन’ हा मधला मार्ग. त्यांत माउसनें चालणारी खिडकी आहे, जोडाक्षरें नीट उमटतात, गाळणी आहे आणि सांठवून वाचण्याचीहि सोय आहे. ‘थंडरबर्ड’मध्येंहि यूझनेट वाचतां येतें, पण तें मुख्यतः टपालाचें साधन असून अंगानें जड. जें घर त्यावर टपाल पाहतच आहे, त्यानेंच त्याचा विचार करावा.

साधन कोणतेंहि असो, एक सावधगिरी सर्वांस लागू आहे. यूझनेटवर घातलेलें पत्र असंख्य सर्व्हरांवर पसरतें. मागाहून पश्चात्ताप झाला तरी तें सर्वत्र पुसलें जाईल अशी खात्री नसते. यास्तव घरचा पत्ता व दूरध्वनिक्रमांक पत्रांत लिहूं नये, आणि राग आल्यास उत्तर लगेच धाडूं नये. संपर्क तोडून वाचण्याचा हाच एक अधिक लाभ कीं, उत्तर सावकाश लिहितां येतें, आणि धाडण्यापूर्वीं तें पुन्हां एकदां वाचावयास अवसर मिळतो.