नाव झाकण्याचाही हक्क आहे!

पावसाळ्याच्या तोंडावर आरोंद्याला जाणे झाले. तेरेखोल खाडीच्या काठावरचे, सावंतवाडी तालुक्याच्या टोकाचे हे गाव. खाडीपलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. वाडीतील कार्यकर्त्यांनी कायद्याचे शिबिर ठेवले होते. विषय होता महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा. कलमे समजावून झाली, शिक्षा सांगून झाली. पण प्रश्नोत्तरांची गाडी एकाच ठिकाणी अडली. तक्रार करू, पण नाव फुटले तर?

हा प्रश्न भित्र्यांचा नाही. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन महामार्गातील भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासह कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. आपल्या तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींना जानेवारी २०१० मध्ये मारले. पुढे २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण तो लागू करण्याची तारीख वर्षानुवर्षे निघाली नाही. आणि त्या कायद्याचे कलम ४ काय म्हणते? तक्रारदाराने ओळख दिली नसेल तर कारवाई नाही! ज्याचा जीव धोक्यात आहे त्यानेच आधी नाव सांगायचे, असा हा न्याय आहे.

शिबिरात गोव्यात संगणकाची नोकरी करणारी वाडीतलीच एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, टॉर नावाचे सॉफ्टवेअर आहे. फुकट मिळते." तिने ते कांद्याचा दाखला देऊन समजावले. तुमचा निरोप तीन पदरांत गुंडाळून तीन वेगवेगळ्या संगणकांतून जातो. प्रत्येक संगणक एकच पदर सोलतो. पहिल्याला पाठवणारा कळतो, पण निरोप कुठे जाणार हे कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. शेवटच्याला ठिकाण कळते, पाठवणारा कळत नाही.

या कल्पनेचा जन्म १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत झाला. मग नौदलाने ती जगाला खुली का होऊ दिली? कारण साधे आहे. फक्त नौदलच ती वापरू लागले, तर त्या वाटेने येणारा प्रत्येकजण नौदलाचा हे शेंबडे पोरही सांगेल. एकट्याला लपता येत नाही, लपायला गर्दी लागते. रॉजर डिंगलडाईन, निक मॅथ्यूसन आणि पॉल सिव्हर्सन यांनी २००२ च्या सुमारास टॉर उभे केले. २००६ पासून एक ना-नफा संस्था ते सांभाळते. त्याचा कोड कोणालाही वाचता येतो, त्यातल्या चुका कोणालाही दाखवता येतात. पुण्यात राहून काम केलेले कुशल दास यांच्यासारखे आपल्या देशातले प्रोग्रामरही या कामात आहेत. ज्ञान कुलूपबंद ठेवणाऱ्या देशात ही गोष्ट लहान नाही.

प्रात्यक्षिक मात्र आधी फसले. जुन्या संगणकावर टॉर काही केल्या जोडले जाईना. कोणी म्हणाले नेट नाही, कोणी म्हणाले सरकारने बंद केले. मुलीने शांतपणे नोंदी वाचल्या आणि संगणकाचे घड्याळ पाहिले. आतला सेल संपलेला, तारीख कित्येक वर्षे मागची! टॉर आपल्या जाळ्याची यादी तारखेवरून तपासते; घड्याळ चुकले की दार बंद. तारीख दुरुस्त केली आणि काम झाले. दोष आधी आपल्या घरात शोधावा, हा धडा चळवळीलाही लागू आहे.

पण भाबडेपणा नको. २००७ साली डॅन एगरस्टॅड या स्वीडिश तंत्रज्ञाने शेवटचा संगणक स्वतः चालवून भारतीय वकिलातींसह अनेक देशांच्या वकिलातींचे पासवर्ड वाचून दाखवले. टॉर वाट झाकते. मजकूर कुलूपबंद नसेल तर शेवटचा माणूस तो वाचतो. आणि चोर घरातच शिरला असेल तर वाट झाकून काय उपयोग? नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये अटक झाली. त्यांच्या संगणकात बाहेरून घुसून फाइली पेरल्या गेल्या, असा अहवाल आर्सेनल या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये दिला. तपासयंत्रणेने तो मान्य केला नाही. निवाडा न्यायालयाने करायचा आहे. परंतु अनोळखी ईमेलमधली फाइल उघडू नये, एवढा धडा घ्यायला निकालाची वाट कशाला पाहायची?

शेवटी मागे बसलेल्या एका आजींनी हात वर केला. "वकिलांनू, आमच्या वाडीत बारा घरां. तक्रार खयच्या घरातसून गेली ता गावाक कळाक कॉम्प्युटर कित्याक व्हयो?"

सभा हसली, मी मात्र निरुत्तर झालो. आजींनी नौदलाचेच गणित मांडले होते. बारा घरांत एकट्याची निनावी तक्रार लपत नाही. बारा घरांची सही एकत्र आली तर एकाला वेगळे काढता येत नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा ते सिडनेहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचे होते, लेखणी बाबासाहेबांची! आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर ते हजारोंसह दिवसाढवळ्या गेले. नाव झाकणे ही भ्याडपणाची खूण नव्हती, उघड उभे राहण्याची ती तयारी होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी माणसाचे घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. बाबासाहेबांना त्याची गरज सत्तर वर्षे आधीच कळली होती.

टॉर वापरणे हा भारतात गुन्हा नाही. त्याचा गैरवापर होतो हे खरे, पण गैरवापर तर टपालाचाही होतो. म्हणून तरुणांनी हे तंत्र शिकावे, वाडीवाडीत शिकवावे. ज्या एकट्याला पहिली बातमी बाहेर काढायची आहे, त्याला त्याचा आडोसा मिळावा. आणि बातमी बाहेर आली की आपण सर्वांनी नावासह, सहीसह त्याच्या पुढे उभे राहावे. आरोंद्याच्या त्या तक्रारीवर शेवटी बारा घरांनी अंगठे आणि सह्या केल्या. पहिली सही आजींची होती.